शेगडी घेऊन वऱ्हाडात

प्रवासाचं सामान विकणाऱ्या दुकानांत हल्ली कोळशाची घडीची शेगडी मिळते. पातळ स्टीलचा पत्रा, बाजूला हवेची भोकं, खाली राखेचा ट्रे, वर जाळी; मिटवली की ऑफिसच्या पिशवीत मावते. खोक्यावरच्या चित्रात हिरवळ, तंबू आणि जाळीवर मांडलेले पनीरचे तुकडे असतात. पुण्याकडच्या आमच्या सहलींत ती आता चांगली रुळली आहे आणि तिच्याबद्दल मतं दोनच ऐकू येतात. कुणाला ती फार सोयीची वाटते, कुणाला नुसतं फॅड. मला दोन्ही मतं घाईची वाटतात, कारण दोन्ही पक्ष ती काय भाजते एवढंच बघतात. अशा शेगडीचं मोल ती विस्तव कुठे ठेवते यावरून ठरतं, असं माझं म्हणणं आहे. हे म्हणणं तपासून पाहायचं तर उघड्यावर रांधणं ही जिथे हौस नसून रीत आहे, त्या मुलखात जायला हवं. अकोल्याहून पूर्वेला अमरावती आणि तिथून उत्तरेला सातपुडा असं गेलं की एकाच वाटेवर काळं रान, पायथ्याचा मुरूम आणि सागाचं जंगल अशी जमीन बदलत जाते. प्रत्येक ठिकाणी या शेगडीचा निकाल वेगळा लागतो.

अकोल्यात कोळशाच्या शेगडीचं कुणाला नवल नाही. पत्र्याच्या बादलीला आतून मातीचा जाड लेप, मध्यावर लोखंडी गजांची जाळी, खाली हवेसाठी खिडकी आणि उचलायला कडी, अशी सिगडी गॅस घरोघर येण्याआधी प्रत्येक ओसरीवर होती. अजूनही भुट्टेवाल्याच्या गाडीवर ती दिसते. नव्या शेगडीशी तिची तुलना केली की फरक लगेच कळतो. मातीचा लेप उष्णता धरून ठेवतो आणि परत कोळशावर फेकतो. नुसता पत्रा ती चारी बाजूंनी उधळून टाकतो आणि चार-सहा वेळा तापला की वाकडा होतो. जपानी लोकांची शिचिरिन नावाची छोटी शेगडीही जाड मातीचीच असते, तिच्यामागचं शहाणपणही हेच. मग पत्रा आला कुठून? तो मोटारीबरोबर आला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत हेन्री फोर्ड हे एडिसन आणि फायरस्टोन यांच्याबरोबर मोटारींचे ताफे घेऊन रानात मुक्कामाला जात. मोटारींना लागणाऱ्या लाकडाचा भुसा आणि ढलप्या मिशिगनमध्ये साचू लागल्या, तेव्हा फोर्ड यांनी त्याचा कोळसा करून वड्या पाडल्या आणि पुढे वड्यांची पिशवी नि छोटी शेगडी असा सहलीचा संच मोटारीच्या दुकानांतूनच विकला. म्हणजे ही वस्तू जन्मली ती मोटारीत बसून दोघा-चौघांनी आपल्यापुरतं जेवण करावं म्हणून. तिचा आकार हा माणसांच्या संख्येबद्दलचा निर्णय आहे. वऱ्हाडात शिरताना हे ध्यानात ठेवलेलं बरं, कारण इथे उघड्यावर रांधायला निघणाऱ्यांची संख्या मोजताना सुरुवातच पंचवीस-तीसपासून होते.

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना दोन्ही बाजूंना हिवाळ्यात कापूस आणि तूर उभी असते. मूर्तिजापूर म्हटलं की शकुंतला आठवायचीच. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून ही गाडी इकडे यवतमाळ आणि तिकडे अचलपूरपर्यंत जायची. १९२१मध्ये मँचेस्टरात बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत धावलं. ते विस्तव पोटात घेऊन हिंडायचं. बाकी इथल्या माणसाला विस्तव वाहून नेण्याची गरज कधी पडलीच नाही. शेतात पऱ्हाट्या असतात, तुऱ्हाट्या असतात, बांधावर बाभूळ असते आणि गोठ्यामागे गोवऱ्यांचा उडवा असतो. सोबत न्यायचं ते पाणी. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा आहे. विहिरीचं पाणी इतकं खारं की त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. त्यामुळे रानातल्या स्वयंपाकाला निघालेल्या बंडीत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पाण्याच्या कोठ्या पहिल्या चढतात. आम्ही पुण्याकडे नेमकं उलटं करतो: पाणी वाटेत मिळेल म्हणतो आणि कोळशाची पिशवी आठवणीने डिकीत टाकतो.

या रानातलं मुख्य जेवण म्हणजे रोडगे, वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. एकनाथांच्या भारुडामुळे रोडगा साऱ्या महाराष्ट्राला ऐकून माहीत आहे, पण तो इथे खाल्ला जातो. गहू रव्यासारखा जाडसर दळायचा, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट कणीक कोपरात मळायची. तीन-चार लहान पाऱ्या लाटून, मध्ये तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि कडा वर ओढून गोळा बंद करायचा. भाजल्यावर आत पदर सुटतात ते यामुळे. दरम्यान जमिनीवर गोवऱ्यांचा पाट रचून पेटवलेला असतो. ज्वाला असेपर्यंत कुणी रोडग्याला हात लावत नाही. घाई करणाऱ्या पाहुण्याला ‘इस्तो पडू द्या, मंग टाका’ असं ऐकावं लागतं. गोवरी जळून गेली तरी तिचा आकार मोडत नाही, वर पांढरी राख धरते आणि आत लाल राहते. त्या निखाऱ्यांवर रोडगे टाकतात, काठीने फिरवत वरून कडक करतात आणि मग त्याच फुफाट्यात पुरून ठेवतात. पाऊण-एक तासाने काढून गोणपाटावर आपटले की राख झडते. मुठीने फोडायचा, आतून वाफ येते, त्यावर तूप ओतायचं. शेजारी तीन दगडांवर गंजात वांगी शिजत असतात. जमीन, राख आणि निखारे मिळून इथे चारी बाजूंनी तापणारी भट्टी तयार होते, तीही फुकट आणि पाहिजे तेवढी लांब. पन्नास माणसं असली की पाट दोन हात वाढवायचा, एवढंच.

ही भट्टी घडीच्या शेगडीत मावत नाही. कोळशात वजनास वजन गोवरीच्या जवळजवळ दुप्पट उष्णता असते, पण ती एकदम आणि खालून येते. जाळीवर ठेवलेला रोडगा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. लहान, सपाट गोळे करून, कोळसे एका बाजूला ओढून, दुसऱ्या बाजूला गोळे ठेवून वर पातेलं पालथं घातलं तर काम भागतं; मात्र एका वेळी पाच-सहा. तीस माणसांच्या पंगतीला ते चेष्टेचं होईल. मैदानावरचा निकाल म्हणून मी असा देतो: काळ्या रानात, नांगरलेल्या किंवा कापणी झालेल्या मोकळ्या जागेत, जमीन स्वतःच उत्तम शेगडी आहे आणि पत्र्याचं काही काम नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. एक म्हणजे गॅस. छोटी टाकी आणि एक बर्नर नेला की धूर नाही, राख नाही, आच कमी-जास्त करता येते. चहा, वरण, भात यांसाठी हे मला पूर्ण मान्य आहे. वाऱ्यात चूल फुंकण्यात काही पुरुषार्थ नाही. पण गॅसची ज्योत भांड्याचं बूड तापवते, पदार्थाला वेढून टाकत नाही. भाजणं हे काम तिला जमत नाही, म्हणून तर गॅसवर भाजलेलं वांगं आणि पऱ्हाट्यांवर भाजलेलं वांगं एका ताटात वाढलं की डोळे मिटूनही ओळखता येतं. दुसरा आक्षेप शेणाचा आणि धुराचा. शेणाबद्दलची शंका मी फारशी मनावर घेत नाही. पूर्ण जळलेल्या गोवरीची राख कोरडी असते आणि रोडग्याचं जाड कवच ती आत जाऊ देत नाही. धुराचं मात्र तसं नाही. बंद स्वयंपाकघरात गोवरीच्या आणि काटक्यांच्या धुरात बायकांची आयुष्यं गेली, फुप्फुसं गेली आणि २०१६मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचं मुख्य कारण तेच होतं. रोडग्यांचं कौतुक करताना घरातल्या चुलीचं कौतुक करू नये. उघड्या रानात वारा असतो, काम वर्षातून चार-दोनदा असतं आणि विशेष म्हणजे पाटाशी बहुतेक पुरुष बसलेले असतात.

पुरुषांचं हे रांधणं अमरावती जिल्ह्यात आणखी ठसठशीत दिसतं. शहरात राजकमल चौकाच्या परिसरात गिलावडा खाऊन पुढे निघावं. उडदाच्या डाळीचा, भिजवलेला, दह्या-चटणीतला हा वडा अमरावतीकर अभिमानाने पुढे करतात आणि एका बशीवर पाहुण्याला सोडत नाहीत. आग्रहाची ही पद्धत रानातही चालू राहते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ‘या भाऊ, जेवाले बसा’ म्हणतात, आणि ते तोंडदेखलं नसतं, कारण दोन-चार रोडगे जास्तीचे पुरलेलेच असतात. आमच्याकडच्या शेगडीभोवती असं घडत नाही. याचा दोष मी पुण्याच्या स्वभावाला देणार नाही, तो आधीच पुष्कळांनी दिला आहे. जाळीवर सहा तुकडे मावत असतील तर सातव्याला हाक कशी मारणार? साधनाच्या मापाने माणसाचं औदार्य आखडतं, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वात गैरसोयीचं सत्य वाटतं.

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की वलगाव येतं. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला तो इथेच. जत्रांमध्ये देवापुढे होणारी पशुहत्या बंद व्हावी म्हणून त्यांनी जन्मभर कीर्तनं केली आणि स्वतः जेवले ते हातातल्या मडक्यात. वऱ्हाडातल्या उघड्यावरच्या जेवणाचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही, कारण देवाच्या नावाने कापणं आणि माणसांनी एकत्र जेवणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या. पुढे चांदूरबाजार तालुक्यात, परतवाडा-बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते, तिथे या दोन्ही गोष्टींचं भान घेऊन जावं. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारी ही यात्रा जानेवारी सरेपर्यंत चालते. लोक राहुट्या ठोकून मुक्काम करतात आणि प्रत्येक राहुटीपुढे विस्तव असतो.

बहिरमची कीर्ती हंडीतल्या मटणाची आणि रोडग्यांची. मातीची हंडी, तोंडावर झाकण, भोवती गोवऱ्यांची मंद आच. कुणी ढवळत बसत नाही. हंडीची माती आणि गोवरीची राख दोघीही उष्णता हळूहळू सोडतात, म्हणून हाडाला धरलेलं मांसही तुटेपर्यंत शिजतं आणि बुडाला लागत नाही. इथे पत्र्याच्या शेगडीची बाजू घेणारा म्हणेल की कोळसा कमी ठेवून तिच्यावरही हंडी चढवता येईल. येईल, पण लहान हंडी, आणि दर थोड्या वेळाने कोळसा घालत. शिवाय पातळ पायांवर पाच-सात किलोचं मडकं तोलणं हा वेगळाच व्यायाम. यात्रेत तिचा एक उपयोग मात्र मला खरा वाटतो: पापड, भाजायच्या मिरच्या, कांदा, सुकट असल्या बारीकसारीक गोष्टी मुख्य विस्तवाला न छेडता भाजता येतात. एक धोकाही इथेच सांगायला हवा. पायथ्याची रात्र गार असते आणि जेवणानंतर उरलेले निखारे शेगडीसकट राहुटीत घेण्याचा मोह होतो. शेगडी उचलता येते, हाच तिचा गुण तिथे जिवावर उठतो. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि बंद कापडाखाली झोपलेला माणूस त्यातून उठत नाही. जमिनीवरचा पाट कुणी उचलून आत नेत नाही. त्या दृष्टीने जुनी रीत आपोआप सुरक्षित आहे.

कोळशाबद्दल तिसरा आक्षेप परतवाड्यात आठवतो. हे गाव मेळघाटच्या सागावर वाढलेलं. लाकडाचे डेपो आणि फर्निचरची दुकानं हीच त्याची ओळख. एक किलो कोळसा पाडायला साध्या भट्टीत पाच-सात किलो लाकूड सहज जातं, मग सहलीच्या चैनीसाठी झाडं का जाळायची? आक्षेप रास्त आहे आणि कायद्यानेही तो फार पूर्वीच ओळखला आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा हे वनोपजच आहे, मग तो जंगलातून आणलेला असो वा नसो. अकोल्यात दुकानातून घेतलेली पिशवीसुद्धा कायद्याच्या डोळ्यांना सागाच्या ओंडक्याची भावकी आहे, हे डिकीत कोळसा घेऊन हिंडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. माझं उत्तर एवढंच की कोळसा वेड्या बाभळीचा घ्यावा. हे परदेशी झुडूप तोडलं तरी पुन्हा फुटतं आणि ते वाढण्यापेक्षा कमी झालेलं बरं. फोर्डसारखं टाकाऊतून काढायचं झालं तर वऱ्हाडात दरवर्षी वेचणी संपल्यावर पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पेटवून दिले जातात. त्यांच्या वड्या झाल्या तर झाडाला हात लावायची गरज नाही. तोवर मात्र ही चैन आहे हे कबूल करूनच ती करावी.

परतवाड्यापासून घाट चढू लागला की तिसरी जमीन सुरू होते. फेब्रुवारीपासून साग पानं टाकतो. ताटाएवढी, कोरडी, कुरकुरीत पानं घोट्यापर्यंत साचतात. इथे जमीनच सरपण झालेली असते. रोडग्यांचा पाट मैदानात जेवढा शहाणपणाचा, तेवढाच इथे वेडेपणाचा ठरतो. एक ठिणगी आणि पानगळीवरून आग डोंगर चढते. वन विभाग दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्यांचा हंगाम धरतो आणि त्याआधी जाळरेषा काढतो. मग जमिनीपासून वीतभर उचललेली, ज्वाळा नसलेली, राख ट्रेमध्ये झेलणारी शेगडी इथे आदर्श नाही का? दुकानदाराचा सगळ्यात मजबूत मुद्दा हाच. पण मेळघाट हा १९७४पासूनचा व्याघ्रप्रकल्प आहे, आणि वन अधिनियम राखीव जंगलात विस्तव पेटवण्याबरोबरच तो बाळगण्याची आणि नेण्याचीही परवानगी ऋतूवर आणि अधिकाऱ्यावर सोपवतो. कायदा बाजूला ठेवला तरी वाऱ्याचा एक झोत ट्रेमधला निखारा उडवायला पुरेसा आहे. सेमाडोह-कोलकासच्या वाटेवर सिपनेच्या काठी बसून खायचं तर भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून न्यावा. ज्यांची ही जमीन आहे ते कोरकूही विस्तव आपल्या ढाण्याजवळ, म्हणजे वस्तीजवळ, झाडून-सारवून घेतलेल्या अंगणात राखतात. पानगळीत तो नेत नाहीत.

मैदानात नको आणि जंगलात नाही, तर मग शेगडी हवी कुठे? चिखलदऱ्यात, आणि तेही पावसाळ्यात. अकराशे मीटरच्या आसपास उंचीचं हे पठार जुलै-ऑगस्टमध्ये ढगात असतं. जमीन चिंब, गोवरी मऊ पडलेली, काटकी पेटत नाही, तीन दगडांच्या मध्ये पाणी साचतं. मैदानातली सगळी विद्या इथे निकामी होते. विस्तव जमिनीवर ठेवता येत नाही म्हणून तो उचलावा लागतो, आणि पिशवीत कोरडा राहिलेला कोळसा तेवढा ऐनवेळी पेटतो. विश्रामगृहाच्या अंगणात, परवानगी विचारून, पडवीच्या वळचणीला शेगडी मांडावी. कापराची वडी नाहीतर सुक्या पऱ्हाटीची काडी खाली, वर कोळसे. रॉकेल नको, ते भाजलेल्या प्रत्येक गोष्टीत उतरतं. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं थांबावं. गोवऱ्यांच्या पाटाशी जे थांबणं शिकवतात तेच इथे कामाला येतं, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्या वांग्याला बाहेर काजळी आणि आत कच्चेपणा मिळतो. माणसं मात्र चारच बोलवावीत, नाहीतर पाळी लावावी.

चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर हे सगळं कुणी विकतच्या शेगडीवाचून कधीच सिद्ध केलेलं आहे. भुट्टेवाल्या बायका छत्रीखाली मातीच्या लेपाची सिगडी घेऊन बसतात, डाव्या हाताने पुठ्ठ्याचा वारा घालतात, उजव्या हाताने कणीस फिरवतात. दाणे तडतडून ठिपके पडले की तिखट-मीठ लावलेलं अर्धं लिंबू घासून देतात. त्यांच्या सिगडीचा काठ मातीचा असल्याने पावसाच्या शिंतोड्यांनी कोळसा एकदम निवत नाही. आमची पत्र्याची शेगडी त्याच पावसात चुर्र करून अर्धी विझते. म्हणून घडीची शेगडी घेणाऱ्याने थोडी चिकणमाती आणावी आणि निघण्याच्या दोन दिवस आधी आतून बोटभर लेप देऊन वाळवावा. वजन किलोभराने वाढतं आणि घडी पूर्ण मिटत नाही, पण कोळसा कमी लागतो.